थंडीत रात्री कुत्रा धापा का टाकतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की मला रात्री-अपरात्री व्हिडिओ यायला लागतात. अंधारातला, हललेला, आणि मध्ये एक कुत्रा जीभ बाहेर काढून हॅ हॅ हॅ करतोय. खाली लिहिलेलं असतं, ताई बारा डिग्री आहे बाहेर, हा का धापतोय? मी व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर, नाहीये हे आधीच सांगते. नाशिकला राहते, घरात वीसेक वर्षं कुत्री आहेत आणि रविवारी एका व्हेट मॅडमच्या क्लिनिकमध्ये हाताखाली असते, म्हणून लोक मला विचारतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा बसून सगळं लिहून टाकलं.

१. आम्हाला स्वेटर घालून थंडी वाजतेय आणि कुत्रा धापा टाकतोय, हे नॉर्मल आहे का?

कधी कधी असतं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, पंजाच्या गादीला येतो थोडाफार तेवढाच, त्यामुळे अंगातली उष्णता बाहेर टाकायची तर जिभेवरचा आणि श्वासनळीतला ओलावा हवेत उडवायचा, हाच त्याचा कूलर. म्हणजे पळून आला, खेळला, गोधडीत घुसून गरम झाला की बाहेर कितीही गारठा असो, तो धापणार, आणि पाच-दहा मिनिटांत गार होऊन गप झोपणार. इथपर्यंत काही नाही.

पण हाच कूलर दुखण्यानं, भीतीनं, तापानं, काही गोळ्यांनी आणि हृदयाच्या त्रासानं पण चालू होतो. मे महिन्यात हे आपल्याला कळतच नाही कारण तेव्हा सगळीच कुत्री धापत असतात. थंडीत "गरम होत असेल" ही सबब उरत नाही, म्हणून जानेवारीतली धाप मी मेमधल्या धापेपेक्षा जास्त मनावर घेते. रोज रात्री होत असेल, अर्धा-अर्धा तास चालत असेल किंवा पूर्वी नव्हतं आणि आता सुरू झालंय, तर कारण शोधायचं.

२. धापणं आणि श्वास लागणं यात फरक कसा ओळखायचा? मला तर दोन्ही सारखंच दिसतं

धापताना तोंड उघडं, जीभ सैल बाहेर, श्वास उथळ आणि भराभर, आणि हाक मारली की तोंड मिटून बघतो तुमच्याकडे. श्वास लागलेला कुत्रा मान पुढे ताणतो, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून लांब धरतो, पोट भात्यासारखं आत-बाहेर होतं, आणि आडवं व्हायला बघतो पण होत नाही. हे दुसरं दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, थेट प्रश्न १५.

घरी करण्यासारखी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे झोपेतला श्वास मोजणं. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती एकदा वर-खाली झाली की एक, असं ३० सेकंद मोजायचं आणि दुप्पट करायचं. मिनिटाला ३० च्या आत पाहिजे, बहुतेक निरोगी कुत्री त्याच्या बरीच खाली असतात. दोन-तीन रात्री सलग ३० च्या वर येत असेल तर व्हेटला फोन करा, धाप असो वा नसो. धापत असताना मोजू नका, तेव्हा आकडा २००-३०० च्या घरात जातो आणि तुम्हीच घाबराल. कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवा, व्हेटला "हल्ली जरा जास्त वाटतं" यापेक्षा "२२, २४, ३४, ३८" हे शंभर पटीनं उपयोगी पडतं.

३. आम्ही त्याला स्वेटर घालतो, वर गोधडी टाकतो आणि हीटर पण लावतो, त्यानेच होत असेल का?

हो! अर्ध्या व्हिडिओंचं उत्तर हेच असतं. खोलीचं दार बंद, हीटर लाल झालेला, लॅब्रेडॉरला माणसाचा स्वेटर, वर आजीची गोधडी, आणि विचारतात का धापतोय. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं, आपल्यापेक्षा जास्त, वर केसांचा कोट घरचा. एक रात्र स्वेटर काढा, हीटर बंद करा, गोधडी खाली अंथरा, वर नको, आणि एक जागा गार फरशीची मोकळी ठेवा म्हणजे त्याला हवं तिथे जाता येईल. धाप गेली तर प्रश्न मिटला. अंथरूण गार आहे, स्वेटर नाही आणि तरी धापतोय, तर कारण दुसरीकडे आहे.

याचा अर्थ कुणालाच स्वेटर नको असा नाही. चिहुआहुआ, डॅशहंड, आपले कारवानीसारखे बारीक केसांचे सडपातळ कुत्रे, पिल्लं आणि म्हातारी यांना थंडी वाजते, पण तेव्हा ते कुडकुडतात, अंगाचं मुटकुळं करतात. थंडीनं कुणी जीभ बाहेर काढत नाही.

४. आमचा हस्की बाल्कनीतच झोपतो, पग मात्र घरात असून धापतो, असं उलटं कसं?

उलटं नाही, बरोबर आहे. हस्कीला आत मऊ लोकर आणि वर लांब केस असा दुहेरी कोट, नाशिकची थंडी त्याला आपल्या ऑक्टोबरसारखी, त्याला आत ओढून आणाल तर तो धापेल. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू यांचं नाक आत दाबलेलं, टाळू लांब, श्वासाची वाट अरुंद, म्हणजे कूलरच लहान साइझचा. त्यात बहुतेक पग जाड असतात (पोळी-तूप, दुसरं काय). वजन उतरवलं की फरक पडतो. पण पग उशीवर हनुवटी उंच ठेवूनच झोपत असेल किंवा झोपेत गुदमरल्यासारखा दचकून उठत असेल तर नाकपुड्या आणि टाळू दाखवून घ्या, त्याचं ऑपरेशन होतं.

५. झोपेत भराभर श्वास घेतो, पाय मारतो, भू भू पण करतो. फिट आहे का?

बहुधा स्वप्न. एक-दोन मिनिटं चालतं, डोळे मिटलेले, पाय सैल हलतात, आणि नावानं हाक मारली की उठून गोंधळून बघतो. पिल्लांना जास्त. फिटमध्ये अंग ताठ होतं, हाकेनं उठत नाही, लाळ येते, शू-शी होऊ शकते आणि नंतर बराच वेळ भ्रमिष्टासारखा फिरतो, धापतो. हात लावून उठवू नका, दोन्हीत चावायची भीती. व्हिडिओ काढा.

६. आमचा ११ वर्षांचा आहे, दिवसा एकदम ठीक, रात्रीच उठून धापतो आणि फेऱ्या मारतो. रात्रीच का?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण आमच्या बंड्याचं हेच झालं होतं. लॅब्रेडॉर, साडेअकरा वर्षांचा. जानेवारीत रात्री अडीचला टाइल्सवर नखांचा टक टक टक आवाज, मग धप् करून बसला, मग हॅ हॅ हॅ, मग पुन्हा टक टक. मी म्हटलं गरम होतंय, गादी काढली. मोरीत गार फरशीवर जाऊन बसला, मला वाटलं बघ मी म्हणत होते. पण तिथेही दहा मिनिटं टिकेना. पाच-सहा रात्री मी ते उकाडा उकाडा करत राहिले. मग मॅडमनी त्याला क्लिनिकच्या रबरी चटईवर चालायला लावलं आणि मला म्हणाल्या मागून बघ, मागचे दोन्ही पाय तो एकत्र ससा टाकतो तसे टाकत होता. कंबर आणि खुब्याचे सांधे. दिवसा माणसं, गाड्या, मांजर, यात लक्ष विचलित, रात्री आडवं झालं, गारठ्यानं सांधे आखडले की ठणका सुरू, आणि दुखणारा कुत्रा केकाटतोच असं नाही, बहुतेक वेळा नुसता धापतो.

तेव्हापासून मी हे धरून चालते, गरम झालेला कुत्रा गार जागा मिळाली की थांबतो, दुखणारा कुत्रा कुठेच थांबत नाही.

दुखण्याच्या बाकी खुणा म्हणजे उठताना आधी पुढचं धड उचलून मग विचार करणं, जिना टाळणं, सोफ्यावर उडी मारायची सोडणं, एकच जागा सारखी चाटणं. जाड गादी, घसरत्या टाइल्सवर मॅट, वजन कमी आणि व्हेटनी लिहिलेलं दुखण्याचं औषध, एवढ्यानं खूप फरक पडतो. औषध मनानं नाही, ते प्रश्न १६ मध्ये.

अजून एक कारण या वयाचं, म्हातारपणी माणसाचं डोकं भरकटतं तसं. दिवस-रात्र उलटं होतं, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, दाराच्या बिजागरीच्या बाजूला जाऊन उघडायची वाट बघतो, घरातच शू. याला पण उपाय आहेत, पण आधी दुखणं तपासून घ्या, कारण दोन्ही एकत्र असतात कितीदा.

७. धापतो आणि पाणी पण प्रचंड पितो, रात्रीत दोनदा शूला उठवतो

ही जोडी महत्त्वाची. आधी पाणी मोजा, सकाळी मापानं भरा आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं बघा. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर जात असेल, म्हणजे १० किलोचा कुत्रा लिटरच्या वर पीत असेल, तर ते जास्तच.

पहिला संशय गोळ्यांचा. खाजेसाठी प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, चालू आहे का? त्यानं धाप, तहान, भूक, शू चारही वाढतात. मनानं एकदम बंद करू नका, ते धोक्याचं, फक्त व्हेटला विचारा की संध्याकाळचा डोस सकाळी चालेल का.

गोळी नसेल आणि कुत्रा मध्यमवयीन किंवा म्हातारा, पोट माठासारखं सुटलेलं, पाठीवरचे केस विरळ, सारखा खा-खा, तर कुशिंग नावाचा आजार असतो. शरीर स्वतःच स्टेरॉइड जास्त बनवतं, बहुतेक वेळा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतल्या छोट्याशा गाठीमुळे. लोक "वय झालं, जाड झालाय" म्हणून वर्षभर सोडून देतात. रक्ताच्या खास टेस्ट असतात, रोजच्या गोळीवर आटोक्यात राहतो. मधुमेह आणि किडनी पण याच तपासणीत बघतात.

आणि मादी असेल, नसबंदी झालेली नसेल, माजावर येऊन महिना-दोन महिने झाले असतील आणि पाणी-धाप वाढली असेल तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. यात थांबायचं नाही.

८. थंडी वाढली तसा खोकला पण आहे, सर्दी असेल का?

खोकला कसला ते बघा. स्पिट्झ, पॉम असेल आणि बदकासारखा कर्कश कोरडा खोकला, पट्टा ओढला की जास्त, तर श्वासनळी चपटी होण्याचा त्रास. गळ्यातला पट्टा काढा, छातीचा हार्नेस घ्या. वय झालेला छोटा कुत्रा, रात्री आडवं पडलं की खोकला, झोपेतला श्वास वाढलेला (प्रश्न २), तर हृदयाची झडप गळत असेल, छोट्या जातींत हे फार दिसतं. डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायूच ढिला पडतो, तिथे खोकल्याची वाट बघूच नका.

म्हाताऱ्या लॅबचा एक वेगळाच प्रकार. भुंकणं घोगरं झालंय, श्वास आत घेताना खर्र असा करवतीसारखा आवाज, पाणी पिताना ठसका. स्वरयंत्राची झडप नीट उघडत नाही. थंडीत हे निभावून जातं म्हणून लोक गाफील राहतात आणि मार्चमध्ये पहिला उकाडा पडला की कुत्रा कोसळतो. म्हणून आत्ताच दाखवा.

९. लग्नसराई चालू आहे, डीजेनं होत असेल का? डीजे तर दहाला बंद होतो, हा दोनला धापतो

होऊ शकतं. दिवाळीपासून जे फटाके सुरू होतात ते तुळशीची लग्नं, मग माणसांची लग्नं, मग ३१ डिसेंबर. घाबरलेला कुत्रा आवाज थांबल्यावरही तासन्‌तास सावध राहतो, आणि आपल्याला न ऐकू येणारे लांबचे आवाज त्याला ऐकू येतात. कान मागे, शेपूट आत, जांभया, ओठ चाटणं, कपाटामागे घुसणं, हे धापेबरोबर दिसलं तर भीती. लपू द्या, ओढून काढू नका, जवळ घेतलं तर चालतं, त्यानं भीती वाढत नाही. दरवर्षीचं असेल तर त्यावर औषधं मिळतात, व्हेटला आठवडाभर आधी विचारा, वरात दारात आल्यावर नको.

१०. नाक गरम आणि कोरडं आहे, म्हणजे ताप ना?

नाही. नाकावरून ताप कळत नाही, झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. साधं डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, शेपूट उचलून गुदद्वारात इंचभर, बीप होईपर्यंत धरा. (त्यावर मार्करनं "कुत्रा" लिहून ठेवा, आमच्याकडे एकदा घोळ झालाय.) १०३ च्या वर ताप, १०४ च्या वर त्याच दिवशी दाखवा. नुकताच धावून आला असेल तर अर्धा तास थांबून मोजा.

११. हिरड्या पांढुरक्या दिसतात, थंडीमुळे का?

थंडी नाही, रक्त कमी. आपल्याकडे पहिला संशय गोचीड तापाचा, आणि "थंडीत गोचिड्या नसतात" हे खोटं आहे. आजार रक्तपेशी फोडतो, रक्त कमी झालं की ऑक्सिजन पुरवायला श्वास वाढतो. सुस्ती, न खाणं, नाकातून रक्त, शू चहासारखी गडद, यातलं काहीही असेल तर लगेच रक्त तपासा. निरोगी हिरडी गुलाबी असते, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी होते. काळ्या हिरड्यांचा कुत्रा असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. काहीच खूण नव्हती आणि म्हातारा मोठा कुत्रा अचानक पांढरा पडला तर पोटात रक्तस्राव असू शकतो, तेव्हा प्रश्न १५.

१२. आमच्याकडे शेगडी/शेकोटी असते, त्याचा काही संबंध?

आहे ना. बंद खोलीत कोळशाची शेगडी हा कुत्र्याचाच नाही, तुमचाही जीव घेणारा प्रकार, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. कुत्रा धापतोय, झिंगल्यासारखा चालतोय आणि तुमचंही डोकं दुखतंय, तर आधी सगळ्यांनी बाहेर. निफाड-दिंडोरीकडे पारा फार उतरला की द्राक्षबागेत बांधावर शेकोट्या पेटवतात, रात्रभर धूर खाली बसतो, मळ्यातली कुत्री पहाटे खोकत-धापत असतात, त्यांना घराच्या ज्या बाजूला धूर येत नाही तिथे बांधा. आणि डासांची कॉइल जमिनीवर लावतो आपण, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीला. ती बंद करून बघा.

१३. डिंकाचे लाडू खाल्ले त्याने, त्यानंतर रात्री धापतोय

किती आणि आत काय? मनुके-बेदाणे असतील तर लगेच व्हेटला फोन, उलटी होण्याची वाट न बघता, कारण द्राक्ष आणि मनुक्यांनी किडनी जाऊ शकते आणि किती खाल्ल्यावर हे नक्की नसतं, कुणी मूठभर खाऊन ठीक असतो कुणी थोड्यात जातो. बागेत गळलेली द्राक्षं पण त्यातच आली. मनुके नसतील तरी तेवढं तूप स्वादुपिंडाला झेपत नाही, पोट दुखतं, कुत्रा पुढचे पाय ताणून ढुंगण वर करून उभा राहतो आणि धापतो. चॉकलेट केकनं (३१ डिसेंबर!) छाती धडधडते, तीही धापच दिसते.

१४. कुत्री गाभण आहे / पिल्लं झालीयेत आणि खूप धापते

गाभण असेल, दिवस भरले असतील, अंथरूण उकरत असेल तर वेणा. तापमान ९९ च्या खाली आलं की साधारण २४ तासांत पिल्लं. जोरात कळा अर्धा तास देऊनही पिल्लू नाही तर व्हेट.

पिल्लं झाल्यावर, विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत, छोट्या जातीच्या आईला धाप, अस्वस्थपणा, पाय ताठ, अंग थरथर, तर कॅल्शियम घसरलंय. हे "थंडीनं कापतेय" म्हणून ब्लँकेट टाकून झोपणारे मी पाहिलेत. इमर्जन्सी आहे, पिल्लं दुधापासून काढा आणि निघा, शिरेतून कॅल्शियम द्यावं लागतं.

१५. सकाळपर्यंत थांबू की आत्ताच नेऊ?

आत्ताच: हिरड्या किंवा जीभ निळी, राखाडी, पांढरी. मान ताणून श्वास. कोसळला. पोट ढोलकीसारखं फुगलं आणि उलटीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, नुसती लाळ (जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट पिळवटतं, काही तासांचा खेळ असतो). वरचे पिल्लांवाली आई, मनुके, शेगडीचे प्रकार. घरात उंदराचं औषध ठेवलं होतं आणि ते आता जागेवर नाही.

सकाळी चालेल: धाप येते-जाते, मधे झोपतो, हिरड्या गुलाबी, बिस्किट दाखवलं तर येतो. निघण्याआधी फोन करा, रात्री उघडं कोण आहे हे आजच दिवसाउजेडी शोधून फ्रिजवर लावून ठेवा. बोर्डावर "२४ तास" लिहिलेल्या ठिकाणी मी एकदा रात्री दोनला शटर वाजवत उभी होते.

१६. तोपर्यंत घरी काय देऊ? क्रोसिन चालेल? चमचाभर ब्रँडी?

काही नाही. क्रोसिन नाही, आयबुप्रोफेन (ब्रुफेन) तर अजिबात नाही, त्यानं पोटात अल्सर होतात, किडनी जाते, आणि स्टेरॉइड चालू असताना दुखण्याची गोळी दिली तर अजून वाईट. ब्रँडी नाही, मग ते आजोबांच्या काळापासून का असेना. छातीला बाम चोळू नका, तो चाटतो, कापूर-निलगिरी पोटात जाते. पाणी ठेवा, खिडकी थोडी उघडा, दिवा मंद, आणि एक मिनिटाचा व्हिडिओ काढा ज्यात छाती-पोट दिसेल. नुसतं तोंड झूम केलेला व्हिडिओ कुणाच्याच कामाचा नसतो.

१७. व्हेटनी तपासलं, सगळं नॉर्मल म्हणाले, तरी रात्री चालूच आहे

हे होतं, कारण सकाळी अकराला टेबलावरचा कुत्रा वेगळा असतो, उत्साहात दुखणं पण लपवतो. आठ दिवसांची वही करा, किती वाजता, किती वेळ, आधी काय खाल्लं, कुठे झोपला होता, गार जागेवर थांबला का, झोपेतला आकडा किती, पाणी किती. ती आणि व्हिडिओ घेऊन परत जा. साधं रक्त नॉर्मल आलं म्हणून सांधे, स्वरयंत्र, कुशिंग हे सगळं सुटलं असं होत नाही, त्यांच्या तपासण्या वेगळ्या. कधी कधी व्हेट आठ-दहा दिवस दुखण्याचं औषध देऊन बघतात, धाप थांबली तर तेच उत्तर. बंड्याचं तसंच कळलं.

१८. सोसायटीखालची भटकी कुत्री रात्री धापताना दिसते, तिचं काय करू?

आधी लांबून बघा, पोट आणि आचळं. भटक्यांची बरीचशी पिल्लं पावसाळ्यानंतर थंडीच्या दिवसांतच होतात, त्यामुळे वेणा किंवा प्रश्न १४ चा दुसरा भाग. मारामारी किंवा गाडीचा धक्का पण असू शकतो, मागचा पाय टेकते का बघा. तोंडातून लाळ गळतेय, जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, उगाच अंगावर धावतेय, तर रेबीजचा संशय धरा, जवळ जाऊ नका, मुलांना आत घ्या आणि महापालिकेला कळवा. नुसती दमलेली असेल तर भिंतीच्या आडोशाला गोणपाट आणि पाणी. गोणपाटावर घरातल्या कुणाचे जुने स्वेटर नका टाकू, दवानं ओले होतात आणि सकाळपर्यंत बर्फ, गोणपाट झटकून वाळतं.